चकतीकाकांच्या तीन दांड्या

चकतीकाका कुठलाही आकडा एकटा सोडत नसत. बसचा नंबर असो नाहीतर दवाखान्यातलं टोकन असो, 'याच्या आधी कोण आणि याच्यानंतर कोण?' असं ते स्थळ बघायला गेल्यासारखं विचारत. विक्रोळीची आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि नवी इमारत होईपर्यंत आम्हाला मुलुंडच्या ट्रान्झिट कॅम्पात खोल्या मिळाल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला एकतीस नंबर आला. खोलीला एकच खिडकी, तीही जिन्याकडे उघडणारी. काकू उंबऱ्यातच थांबल्या. काका मात्र दारावरचा आकडा बघून खूश झाले. "एकतीस! आधी पंधरा, पुढे त्रेसष्ट. खानदानी आकडा आहे गो."

आमची खोली त्यांच्या शेजारची, बत्तीस. मी वर्तमानपत्रात नोकरी करतो, म्हणून ते मला पेपरवाल्या म्हणत. "तू एकाने चुकलास रे पेपरवाल्या," ते म्हणाले. "थोडक्यात हुकलं तुझं."

एकतीसचं खानदान त्यांना कंपनीत भेटलं होतं. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते टर्नर होते. तिथल्या प्रशिक्षण विभागात एक लाकडी खेळणं होतं. एका पाटीवर तीन उभ्या दांड्या, आणि एका दांडीत पाच चकत्या. सगळ्यांत मोठी तळाला, सगळ्यांत लहान वर. सगळ्या चकत्या दुसऱ्या दांडीवर न्यायच्या. एका वेळी एकच उचलायची आणि मोठी कधीही लहानीवर ठेवायची नाही. पाच चकत्यांना कमीत कमी एकतीस चाली लागतात. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते खेळत, काका चकत्या हलवत. शिक्षण आठवीपर्यंत आणि पुढे आयटीआय. सूत्र त्यांना कुणी शिकवलं नाही, त्यांनी ते हाताने शोधलं. एक चकती, एक चाल. दोन, तीन चाली. तीन, सात. मग पंधरा, एकतीस, त्रेसष्ट. "आधीच्याची दुप्पट आणि वर एक," ते सांगत. "का? तर तळाची हलायची असेल तर वरच्या सगळ्यांनी आधी बाजूला व्हायचं. ती हलली की सगळ्यांनी पुन्हा तिच्यावर येऊन बसायचं. दोनदा सगळ्यांची फरफट आणि मधे एकदा तिची हालचाल. चाळ पाडतात ती अशीच."

चाळ पाडण्याचं बोलणं सुरू झालं तेव्हा काका निवृत्त होते आणि आठवड्यातून तीन दिवस मरोळला एका ओळखीच्या गाळ्यावर लेथ चालवायला जात. सोसायटीच्या पहिल्या सभेत बिल्डरचा माणूस म्हणाला, अठरा महिन्यांत चावी. काकांनी घरी येऊन हिशेब मांडला. रोज सकाळी चहानंतर अडीचशे चाली, वीसेक मिनिटांचं काम. सतरा चकत्यांना लागतात १,३१,०७१ चाली, म्हणजे सव्वापाचशे दिवसांच्या आत. अठरा महिन्यांत बसतं. त्यांनी मरोळला पितळेच्या उरलेल्या तुकड्यांतून सतरा चकत्या कातल्या. सगळ्यांत लहान रुपयाच्या नाण्याएवढी. मग प्रत्यक्ष करार हातात आला, त्यात छत्तीस महिने लिहिलेले होते. सभेत आरडाओरडा झाला. काका मात्र दुसऱ्या दिवशी मरोळला गेले आणि अठरावी चकती करून आले. एवढं रुंद पितळ नव्हतं, म्हणून ती लोखंडाची. चपातीएवढी. "मुदत दुप्पट झाली, चकती एकच वाढली," ते म्हणाले. एकूण २,६२,१४३ चाली. एक हजार अठ्ठेचाळीस दिवस अडीचशे आणि शेवटच्या दिवशी एकशे त्रेचाळीस. छत्तीस महिन्यांतून शेहेचाळीस दिवस उरत होते. ते त्यांनी तापासाठी, लग्नांसाठी आणि गावच्या गणपतीसाठी सोडले होते.

स्वतः केलेल्या पाटीवरच्या तीन दांड्यांखाली त्यांनी कागद चिकटवले: जुनी, कॅम्प, नवी. मनोरा 'जुनी'वर रचला. तो 'नवी'वर पोचेल त्या सुमाराला नव्या घराची चावी हातात यायची, असा तो बेत. काकांना दुसरं काही नको होतं. घराबद्दल ते फार बोलत नसत. काकूंना पूर्वेची खिडकी हवी होती, तेवढी त्यांनी नकाशावर बघून ठेवली होती.

कॅम्पात आल्या दिवसापासून सकाळी साडेसातला एकतीस नंबरमधून आवाज सुरू होई. एक, दोन, एक, तीन, एक, दोन, एक, चार. कितव्या नंबरची चकती हलते आहे ते काका पुटपुटत, नामस्मरण करावं तसं. एक म्हणजे सगळ्यांत लहान, अठरा म्हणजे सगळ्यांत मोठी. दर दुसरी चाल लहानीचीच. काकू पाठमोऱ्या राहून भाजी चिरत आणि आवाजावरून सांगत, "आज दहावी हलली वाटतं." लहान चकती किणकिणे, मोठी दबक्या आवाजात बसे. रोजचा आकडा काका एका लाल वहीत लिहीत. फक्त आकडा. तारीख नाही, शेरा नाही.

त्यांनी चकत्यांना माणसं वाटून दिली होती. एक नंबर भाडेकरू. चार-पाच नंबर कमिटीचे लोक. पुढे वॉर्ड ऑफिस, मग वकील. अठरावी, लोखंडाची, बिल्डर. "पूर्ण खेळात एक नंबर किती वेळा हलतो? एक लाख एकतीस हजार बहात्तर वेळा. दोन नंबर त्याच्या निम्मे. तीन नंबर त्याच्या निम्मे. असं करत करत बिल्डर किती? एकदा. फक्त एकदा. आणि तोही वाट मोकळी झाल्यावर." हे ते चिडून सांगत नसत. मोजमाप सांगावं तसं सांगत.

पलीकडच्या तीस नंबरमध्ये दिनेश राहायचा. अंधेरीला एका कंपनीची गाडी चालवायचा. तोंडाने फटकळ आणि कुणाच्याही कामाला सगळ्यांत आधी उभा. त्याला काकांचा खेळ बघवत नसे. "काका, एक दिवस सगळ्या उचला आणि ठेवा ना तिकडे. विषय खल्लास."

"आणि नियम?"

"बिल्डर पाळतो काय नियम?"

"म्हणून तर कुणीतरी पाळायचा, मेल्या."

काकूंनी दिनेशच्या हातात कांदेपोहे दिले आणि म्हणाल्या, "तू ह्यांच्या नादी लागू नकोस. मी चाळीस वर्षं लागले नाही."

सतरा महिने हे असंच चाललं. एका रविवारी सकाळी एकतीस नंबरमधला आवाज मधेच थांबला. आम्ही गेलो तेव्हा काका पाटीसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. सतरा पितळी चकत्या 'नवी'वर एकावर एक नीट उभ्या होत्या. लोखंडी एकटी 'जुनी'वर. मधली, 'कॅम्प' लिहिलेली दांडी रिकामी.

दिनेश म्हणाला, "झकास! पोचल्या की सगळ्या."

काका म्हणाले, "तेच तर. त्यांनी तिथे असायला नको होतं."

लोखंडी चकतीला जायला एकच मोकळी दांडी होती, कॅम्पची. आणि ती कॅम्पवर गेली की बाकीच्या सतरा तिच्यावर येऊन बसणार. मनोरा पूर्ण झाला असता, पण कॅम्पात. चूक पहिल्या दिवसाची होती. चकत्या विषम असतील तर पहिली चकती थेट मुक्कामाच्या दांडीवर टाकायची. सम असतील तर मधल्या दांडीवर. एवढा एकच निर्णय असतो आणि तो पहिल्याच चालीला करावा लागतो. पुढे सगळं आपोआप होतं, चुकलेलंसुद्धा. काकांनी सतरा चकत्यांचा बेत वर्षभर डोक्यात घोळवला होता. अठरावी आयत्या वेळी आली. चकती वाढवली, पण पहिली चाल सतराचीच केली. "खाली बघितलंच नाही," ते म्हणाले. "वर वरच बघत राहिलो."

काकू पदराला हात पुसत आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग खालच्या चिठ्ठ्या बदला की. कॅम्पच्या जागी नवी चिकटवा. कोण बघायला येतंय?"

"चिठ्ठी बदलून घर बदलतं काय गो?"

"नाही बदलत. पण तुमच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल."

काकांनी चिठ्ठ्या बदलल्या नाहीत. तासाभराने ते हिशेब घेऊन आले. 'नवी'वर गेलेल्या सतरा चकत्या पुन्हा १,३१,०७१ चालींत कॅम्पवर आणायच्या, लोखंडी 'नवी'वर टाकायची आणि मग तेवढ्याच चालींत सतरा तिच्यावर न्यायच्या. एकूण ३,९३,२१४. सव्वापाचशे दिवस वाढले. त्याच आठवड्यात सोसायटीला बिल्डरचं पत्र आलं की काम लांबणार आहे. काकांनी ते पत्र दोनदा वाचलं. "मी आणि तो एकाच वेळी चुकलो," ते म्हणाले. पुढच्या सकाळी अडीचशे चाली झाल्या.

याच काळात दिनेशने एकदा सहज विचारलं, "काका, अजून एक दांडी लावली तर?" पुठ्ठ्याच्या चकत्या कापून काका महिनाभर दुपारी काहीतरी हलवत राहिले. मग लाल वहीच्या शेवटच्या पानावर नवी ओळ उमटली: १, ३, ५, ९, १३, १७, २५, ३३. दोनाची वाढ दोनदा, चारची तीनदा, आठची चारदा, असं ते पुढे जात होतं. अठराव्या जागी आकडा होता २२५. त्यांनी तो मला बोट ठेवून दाखवला. "याहून कमी होतं का, मला जमलेलं नाही. पण बघ. तीन दांड्यांना सव्वादोन लाखांच्या वर, अडीच लाखांच्याही वर. चौथी असली तर सव्वादोनशे. एका सकाळचं काम, वर पंचवीस चाली शिल्लक." त्यांनी वही मिटली. "माणसाला टेकायला एक जागा जास्त असली ना रे, की आयुष्य वाचतं."

दिनेश म्हणाला, "मग लावा की चौथी! मरोळला अर्ध्या तासात होईल."

"करारात तीनच आहेत. जुनी, कॅम्प, नवी."

लोखंडी चकती हलण्याचा दिवस काकांनी आधीच सांगून ठेवला होता. चाल क्रमांक २,६२,१४३. मूळ हिशेबात ही शेवटची चाल होती, चावीची. आता ती लोखंडीची पहिली हालचाल होती. काकूंनी चहा केला, ग्लुकोजची बिस्किटं ठेवली. मजल्यावरची आठ-दहा माणसं दारात जमली. काकांनी दोन्ही हातांनी लोखंडी उचलून 'नवी'वर ठेवली. आवाज जिन्यापर्यंत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी पाटीकडे पाहिलं. सतरा पितळी चकत्या 'कॅम्प'वर. लोखंडी एकटी 'नवी'वर.

"वाट लागली," दिनेश म्हणाला. "बिल्डर पोचला, आपण कॅम्पात."

लोक खूप हसले. काकाही हसले. करारातले छत्तीस महिने त्या पंधरवड्यात संपत होते. विक्रोळीच्या प्लॉटवर तेव्हा फक्त जोतं झालं होतं आणि काम बंद होतं.

पुढचं वर्ष बातमीसारखंच सांगता येईल. बिल्डर बदलला. नवा आला, त्याने नकाशा बदलला. काकूंची पूर्वेची खिडकी नव्या नकाशात नव्हती. कमिटीत दोन गट पडले, प्रकरण कोर्टात गेलं. काकांचं मरोळला जाणं गुडघ्यांमुळे बंद झालं. तीस नंबरपासून चाळीसपर्यंतच्या खोल्यांतली तीन माणसं त्या वर्षात वारली आणि प्रत्येक वेळी काका स्मशानातून येऊन, अंघोळ करून, उरलेल्या चाली पूर्ण करत. मग कॅम्पच धोकादायक असल्याची नोटीस लागली. जिन्याचा एक भाग खचला होता. सगळ्यांना बोरिवलीच्या दुसऱ्या कॅम्पात हलवायचं ठरलं.

नोटीस वाचून काका म्हणाले, "मिळाली रे दिनेश, चौथी दांडी."

हलण्याचा दिवस त्यांच्या सवयीने त्यांनी नीट आखला होता. सामान आधी जाईल, पाटी शेवटी. ती ते स्वतः मांडीवर घेऊन बसणार होते. त्या दिवशीचा आकडा वहीत लिहिला होता: ३,५४,७५०. तळाच्या दोन मोठ्या चकत्या 'नवी'वर होत्या, बाकीच्या सोळा इकडेतिकडे विखुरलेल्या. बघणाऱ्याला त्यात काही क्रम दिसला नसता. सकाळी बोरिवलीच्या ऑफिसातून निरोप आला की खोलीच्या कागदावर मूळ भाडेकरूची सही आताच्या आता लागेल. काका आणि काकू पुढे गेले. मी त्यांच्याबरोबर होतो. टेम्पो ठरल्याच्या दोन तास आधी आला. मागे मुलुंडला दिनेश एकटाच होता.

आम्ही नव्या खोलीत पोचलो, मागून टेम्पो आला. दिनेशने सगळ्यांत आधी पाटी आणली, चादरीत गुंडाळलेली, बाळाला धरावं तशी. ती जमिनीवर ठेवली आणि चादर काढली. अठराच्या अठरा चकत्या 'नवी'वर होत्या. मोठी तळाला, नाण्याएवढी वर. कुठे तिरकी नाही. सुटू नयेत म्हणून वरून नाडी बांधलेली.

"टेम्पोत सांडल्या असत्या काका," तो म्हणाला. घामाने भिजला होता. "म्हटलं लावायच्याच तर तुम्हाला पाहिजे तिथेच लावू. पोचवला बघा तुमचा मनोरा!"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका गुडघा धरत खाली बसले. नाडी सोडली. नखाने वरून खाली एकेक चकती मोजली.

"अठरा," दिनेश म्हणाला. "मोजून लावल्यात."

"बरोबर लावल्यास," काका म्हणाले. "एकही चूक नाही. दमलास तू. बस, पाणी पी."

दिनेश गेल्यावर मी म्हणालो की आकडा वहीत आहे, आकड्यावरून चकत्यांच्या जागा काढता येतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी मान हलवली. "येतात की. अर्ध्या तासाचं काम."

"मग?"

"तो पोचवला म्हणतोय. त्याला काय सांगू?" मग ते पाटीकडे बघत राहिले. "आणि खरं सांगू? पोचल्यावर कसा दिसतो ते एवढी वर्षं बघायचं होतं. बघितलं. जुनीवर होता तसाच दिसतो."

बोरिवलीच्या खोलीचा नंबर अठ्ठावन्न होता. त्याच्या आधी कोण आणि नंतर कोण, हे काकांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही. पाटी कपाटावर गेली. सकाळी साडेसातला त्या खोलीतून आवाज येत नसे. काका चहा घेऊन दाराशी बसत, दहाला पेपर वाचत, बाराला जेवत. त्यांना कुठलाही मोठा आजार नव्हता. डॉक्टरांनी वयाचं सांगितलं. आठव्या महिन्यात, दुपारी जेवणानंतर आडवे झाले ते उठले नाहीत. खांदा द्यायला दिनेश पहिला होता.

विक्रोळीचा प्लॉट मी अधूनमधून बघतो, रस्त्यातच लागतो. जोत्यात पाणी साठलेलं असतं. खांबांच्या सळया उघड्या उभ्या आहेत, गंजलेल्या. फाटकावरचा बोर्ड तिसऱ्या बिल्डरचा आहे.

मध्यंतरी काकूंकडे गेलो होतो. दिनेश आधीच येऊन बसला होता, सोबत त्याचा गावाहून आलेला मेहुणा होता. दिनेश त्याला कपाटावरचा मनोरा दाखवत होता. "आमच्या काकांनी केला. अठरा चकत्या, लाखो चाली. पूर्ण करूनच गेले." मेहुण्याने काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "हो तर."

ते दोघे गेल्यावर काकूंनी लाल वही माझ्या हातात दिली. "किती राहिल्या होत्या रे?"

मी शेवटचा आकडा पाहून वजाबाकी केली. "अडतीस हजार चारशे चौसष्ट."

"म्हणजे किती सकाळी?"

"एकशे चोपन्न."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. बोरिवलीला आल्यावर काका आठ महिने होते. "म्हणजे झाला असता," त्या म्हणाल्या. "झाल्यावर अजून तीन महिने नुसतं बसायला मिळाले असते." मग त्यांनी कपाटावरचं फडकं काढून मनोरा पुसला, चकत्या न हलवता.

हे लिहू का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं. अट एकच घातली, की त्या पोराचं नाव घालायचं नाही. म्हणून दिनेश हे नाव खरं नाही. आकडे वहीतले आहेत.